साठ की आठ?

"भेंडी साठ रुपये किलो झाली," आई म्हणाली.

"आठ रुपये?" आजोबांनी ताटावरून मान वर केली. "मग दोन किलो का नाही घेतलीस?"

यावर आमच्या घरी सगळे हसतात. आजोबाही हसतात. पण सगळे कशाला हसले हे त्यांना बऱ्याचदा थोड्या वेळाने कळते आणि तो थोडा वेळ अलीकडे मला बघवत नाही. आजोबांचे वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षे ते हुबळीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होते. समोर कापसाचा आणि शेंगांचा लिलाव, एका बाजूला हमालांची ओरड, दुसऱ्या बाजूला गाड्यांचा खडखडाट, घरात मराठी आणि पेढीवर कन्नड, अशा गदारोळात ते रोजमेळ लिहीत आणि संध्याकाळी पैशापैशाने मिळवून देत. आजही टीव्ही मोठ्याने चालू असताना माझ्या वहीतला ताळेबंद ते बोट फिरवीत तपासतात आणि चूक काढतात. कॅल्क्युलेटर हाती असून ती चूक मला दिसलेली नसते!

मला पडलेले कोडे हेच आहे. ज्या माणसाला लिलावाच्या कोलाहलात बेरीज चुकणे ठाऊक नाही, त्याला जेवणाच्या पाटावर चार माणसे बोलू लागली की साठाचे आठ का ऐकू यावेत?

आपल्याकडे या विषयावर दोनच मते प्रचलित आहेत. पहिले स्टाफरूममध्ये ऐकू येते : आजच्या मुलांना एकाग्रता म्हणून नाही, जरा खुट्ट झाले की माना वळतात. दुसरे कँटीनमध्ये ऐकू येते : म्हाताऱ्यांना आवाज सोसत नाही, म्हणून ते आमच्यावर ओरडतात. दोन्ही मते मांडणारे आपापल्या जागी अगदी निश्चिंत असतात. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, मानसशास्त्राची नव्हे; पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून पाहावा हे आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी घरातच एक परीक्षा घेतली.

पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर सात-सात अंक लिहिले. धाकटा भाऊ तिसरीत आहे, त्याच्यासाठी पाच-पाच. कागद दाखवायचा, झाकायचा, दहापर्यंत मोजायचे आणि मग अंक क्रमाने लिहायला सांगायचे. असे दहा कागद शांततेत आणि दहा कागद रेडिओवर धारवाड आकाशवाणीचे कन्नड भाषण चालू असताना. शांततेत माझे आठ कागद बरोबर आले, भाषणात सहा. आजोबांचे सहा आणि पाच. भावाचे शांततेत पाच आले आणि भाषणात एक. तोही एक त्याने नशिबाने मिळवला असावा, कारण त्या वेळी निवेदक श्वास घ्यायला थांबला होता.

मग परीक्षा बदलली. आईला आणि शेजारच्या काकूंना खोलीत बोलत बसवले (याला फारशी विनवणी करावी लागली नाही) आणि मी दाराशी उभी राहून रकमा वाचल्या. ऐकून लिहायच्या. घर शांत असताना आजोबांनी दहापैकी नऊ रकमा बरोबर लिहिल्या होत्या. आई आणि काकू बोलू लागल्यावर चार. भाऊ नवावरून सहावर आला. माझ्या वेळी रकमा आईने वाचल्या. माझी एक चुकली.

एका घरातल्या तीन माणसांवरून शास्त्र होत नाही, हे मला मान्य आहे. पण कॉलेजच्या ग्रंथालयात आणि इंटरनेटवर शोधल्यावर जे सापडले ते आमच्या माजघरातल्या निकालाशी जुळत गेले.

आवाज आपल्याला दोन वेगळ्या रीतींनी छळतो. आपण वाचत असतो किंवा काही लक्षात ठेवत असतो आणि ज्याच्याशी आपला संबंध नाही असा आवाज मध्ये घुसतो, ही एक रीत. आपण एक आवाज ऐकू पाहतो आणि दुसरा आवाज त्याला गिळतो, ही दुसरी. पहिलीविषयी अमेरिकेतले कॉल आणि वेल्श यांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना अक्षरे दाखवून ती क्रमाने आठवायला सांगितली आणि त्या वेळी कानावर जर्मन भाषेतले गद्य वाचन चालू ठेवले. त्याकडे लक्ष देऊ नका, असे आधीच बजावले होते आणि ती भाषा त्यांना कळतही नव्हती. तरीही चुका वाढल्या. पुढच्या संशोधकांनी दाखवले की आवाज किती मोठा यापेक्षा तो बदलता आहे की एकसुरी, याला अधिक महत्त्व असते. पंख्याची घरघर आठवणीला फारशी खात नाही. माणसाचे बोलणे खाते, कारण ते क्षणाक्षणाला बदलते. सालामे आणि बॅडली यांना १९८९ साली असेही आढळले की शब्द असलेले गाणे नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त त्रास देते. कानात गाणी घालून अभ्यास करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना (आणि हुबळी-धारवाड चिगरी बसमध्ये तेच करणाऱ्या मला) हे वाचून वाईट वाटेल. मला वाटले. सवय अजून सुटलेली नाही.

आता वय. २००२ साली एमिली एलियट यांनी लहान मुले आणि मोठी माणसे यांची याच पद्धतीने तुलना केली, तेव्हा नको असलेल्या आवाजाने मुलांची आठवण मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक विस्कटते असे दिसून आले. म्हाताऱ्यांचे काय? मन वय वाढल्यावर नको ते बाहेर ठेवण्यात कमी पडते असा एक सिद्धांत १९८८ सालापासून मांडला जातो. त्यावरून म्हातारी माणसे मुलांसारखीच विस्कटतील असे वाटेल. पण अंक आठवण्याच्या या प्रयोगांत बहुतेक वेळा ती तरुणांपेक्षा जास्त विस्कटलेली आढळली नाहीत. आमच्या दिवाणजींच्या सहा आणि पाचाला हा आधार सापडला, तेव्हा मी त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवला. "मग?" ते म्हणाले, "सांगायला हवं होतं का?"

दुसऱ्या रीतीत मात्र म्हातारपण हरते. वय वाढते तसा कान वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी गमावतो. मूल वीस हजार कंपनांच्या जवळपास ऐकते. ती वरची कडा विशी-पंचविशीनंतरच खाली येऊ लागते. याचा व्यापारही झाला. २००५ साली वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपल्टन यांनी 'मॉस्किटो' नावाचे यंत्र काढले. ते सुमारे साडेसतरा हजार कंपनांची किर्रकिर्र करते. दुकानापुढे रेंगाळणारी पोरे तिने हैराण होऊन निघून जातात आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला काहीच ऐकू येत नाही. पुढे साठी-सत्तरीत ही घट बोलण्याच्या आवाजापर्यंत उतरते. स्वर जाड असतात, ते टिकतात. स, श, त, थ यांसारखी व्यंजने बारीक असतात, ती आधी गळतात. साठमधला 'सा' येतो, पण त्यातला 'स्' वाटेत सांडतो आणि आजोबांच्या कानापर्यंत नुसता 'आठ' पोचतो. शांत घरात बाकीच्या वाक्यावरून ते स् भरून काढतात, दिवाणजी फाटक्या पावतीवरची रक्कम ओळखतो तसे. चार जण एकदम बोलू लागले की भरून काढायला आधारच उरत नाही. अशा माणसापुढे आपण आवाज चढवतो. त्याने जाड स्वर आणखी जाड होतात. जो स् हवा आहे तो होताच तेवढा बारीक राहतो. आमच्या घरी तरी ओरडण्यापेक्षा बाकीच्यांनी गप्प बसण्याचा उपयोग जास्त झाला.

तेव्हा कँटीनचे मत चुकीचे ठरते. म्हाताऱ्यांना आपला आवाज सोसत नाही म्हणून ते ओरडतात असे नसावे. त्या आवाजात त्यांना माणसे सापडत नाहीत. आणि स्टाफरूमच्या मताचेही तसेच. मुलाची मान वळते ती बेशिस्तीने वळत नाही. नको तो आवाज बाहेर ठेवणारे दार त्याच्या डोक्यात अजून बसवायचे आहे.

ते दार उघडे असण्याचा फायदाही असतो, आणि याला आपल्या भागाइतका चांगला दाखला दुसरीकडे मिळणार नाही. गदगच्या जोशी मास्तरांचा मुलगा भजनी मेळ्याच्या आणि बँडच्या मागे चालत जाई आणि वाटेत कुठेतरी झोपी जाई. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले, म्हणजे सापडेल तो घरी पोचवील. आजच्या एखाद्या पालकसभेत या मुलाविषयी काय बोलले गेले असते ते सांगायला नको. त्याने अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि १९३३ साली अकराव्या वर्षी तो गाणे शोधायला घर सोडून गेला. ते भीमसेन जोशी. १९१३ साली जन्मलेल्या गंगूबाई हनगल धारवाडच्या आपल्या बालपणाविषयी सांगत, की ग्रामोफोनचा आवाज आला की त्या धावत रस्त्यावर जात. त्यांची आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणारी. मुलीचे हिंदुस्थानी गाणे बिघडू नये म्हणून त्या माउलीने स्वतःचे गाणे बाजूला ठेवले. एका घरात दोन पद्धती एकदम कानावर पडल्या तर मुलीच्या कानाचे काय होईल, हे त्यांना कोणत्याही प्रयोगाशिवाय कळले होते. पुढे याच गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. फलाटावरच्या गोंगाटात त्या मनातल्या मनात धडा घोकत असतील का? मला नेहमी हा प्रश्न पडतो. आज तेच हुबळी स्थानक दीड किलोमीटर लांबीच्या फलाटामुळे प्रसिद्ध आहे आणि तिथे घोकायचे म्हटले तर घोषणाच आठवणीत राहतात.

असो. सगळीच मुले गंगूबाई होत नाहीत. बहुतेकांना पाढे पाठ करायचे असतात.

न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या शेजारून, रस्त्याच्या वर उंचावरून रेल्वे जात असे. साडेचार मिनिटांना एक गाडी; ती गेली की रुळांकडच्या वर्गांतले शिक्षक अर्धे मिनिट थांबत. १९७५ साली ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी त्या शाळेतल्या मुलांच्या वाचनाचे गुण पडताळले. सहावीतली रुळांकडची मुले दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ एक वर्ष मागे होती. शाळा तीच होती, फक्त खिडक्या वेगळ्या दिशेला होत्या! मग रुळांखाली रबर बसवले, वर्गांना आवाज शोषणारे छत केले, आणि १९८१ साली पुन्हा पाहिले तेव्हा तो फरक नाहीसा झाला होता. एवढा स्वच्छ ताळेबंद मी कॉमर्सच्या पुस्तकात पाहिलेला नाही. खर्चाच्या बाजूला रबर, जमेला एक वर्ष.

आता आपल्या वर्गांकडे येते. इथे मुद्दा थोडा माझ्या स्वार्थाचा आहे, तो मी लपवत नाही. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. कन्नड मला रस्त्याने, दुकानाने आणि मैत्रिणींनी शिकवले. ते आता मला शिकलेले वाटतच नाही. इंग्रजी मात्र वर्गात बसून शिकले आणि आज कॉस्टिंग इंग्रजीत ऐकते. परक्या भाषेतले बोलणे गोंगाटात समजणे मातृभाषेपेक्षा बरेच अवघड जाते. शांत खोलीत दोघी सारख्याच वाटतात. गोंगाट वाढला की जिची ती लहानपणापासूनची भाषा आहे तिला अर्ध्या शब्दावरून पूर्ण शब्द ओळखता येतो, आणि आजोबांचे जे साठच्या बाबतीत होते तेच माझे 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'च्या बाबतीत होते. आमच्या वर्गात सहा पंखे आहेत. त्यांपैकी दोन कण्हतात. मी वर म्हटले की पंखा आठवणीला खात नाही. पण शेवटच्या बाकावर तो व्याख्यान खातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गातला आवाज पस्तीस डेसिबलांच्या वर नसावा असे सुचवले आहे. मोबाइलवरच्या मापकाला फार अर्थ नसतो हे ठाऊक असूनही मी तो रिकाम्या वर्गात लावून पाहिला. त्याने अठ्ठावन्न दाखवले. त्यात दहाची चूक धरली तरी फारसे बिघडत नाही.

कॉन्व्हेंटमधून आलेली मैत्रीण मागे बसून गप्पा मारते आणि तिला व्याख्यानही कळते. कन्नड आणि मराठी शाळांतून आलेली आम्ही मुले मागे बसतो ती लाजेने, आणि मग आम्हांला समजत नाही. सर म्हणतात, लक्ष नाही. सर, लक्ष असते. ते कण्हणाऱ्या पंख्यातून तुमचे शब्द वेचण्यात खर्च होते आणि शब्द वेचून झाले की अर्थासाठी शिल्लक राहत नाही. पंखे मार्चमध्ये बंद करा असे म्हणण्याइतकी मी धीट नाही. पण ते दोन दुरुस्त करता येतील, कॉरिडॉरकडचे दार लावता येईल, आणि आकडा सांगताना तो फळ्यावरही लिहिता येईल. याला रबराएवढासुद्धा खर्च नाही.

हे सगळे मी मोठ्या तोऱ्यात लिहीत आहे. आता खर्चाची बाजू. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगच्या समितीत मी होते. मैदानावरचे ध्वनिवर्धक कुठे लावायचे हे ठरवताना मी तिथे हजर होते. ते मागच्या कुंपणाकडे तोंड करून लावले, कारण पुढच्या बाजूला लावले असते तर प्राचार्यांच्या खोलीत आवाज गेला असता. कुंपणापलीकडे प्राथमिक शाळा आहे. तालीम चार दिवस सकाळी अकरापासून चालली. मी स्वतः एका नाचात होते आणि आवाज कमी पडतो म्हणून दोनदा वाढवायला सांगितला. चौथ्या दिवशी रात्री भावाने विचारले, "ताई, तुमचं गाणं उद्या पण आहे का?"

"का रे? आवडलं?"

"बाईंनी पाढे घेतलेच नाहीत. ऐकूच येत नाही म्हणाल्या. चित्रं काढा म्हणाल्या."

त्याने त्या चार दिवसांत काढलेली चित्रे अजून घरी आहेत. बहुतेक चित्रांत एक मोठा चौकोनी डबा आहे आणि त्यातून रेषा निघाल्या आहेत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो; तिथली मर्यादा दिवसा पन्नास डेसिबल आहे आणि रात्री चाळीस. आमचे कॉलेजही शिक्षणसंस्थाच आहे. म्हणजे त्या मैदानावर नियमाचे संरक्षण कुणाला असेल तर आम्हांलाही, आणि ते मोडणारेही आम्हीच. गणपतीत डीजेच्या नावाने सभा घेणारे आम्हीच. हे लिहिताना मला आनंद होत नाही. तरीही गॅदरिंग बंद करा असे मी म्हणणार नाही. विसाव्या वर्षी नाचायचे नाही तर केव्हा? विसाव्या वर्षीचा माणूस गोंगाटात सर्वांत टणक असतो, एवढेच माझ्या वाचनातून निघते. मन लहान मुलाइतके उघडे राहिलेले नसते आणि कान आजोबांइतका झिजलेला नसतो. किती आवाज चालेल हे ठरवायला समितीत मात्र नेमके आम्हीच बसतो, आणि आम्हांला चालला तो सर्वांना चालेल असे गृहीत धरतो. (कानही आपण झिजवत असतोच. ध्वनिवर्धकापाशी तीन तास नाचून आल्यावर रात्री जी शिट्टी वाजत राहते, ती कौतुकाची नसते.)

यंदा समितीत मी पुन्हा आहे. ध्वनिवर्धक पुढच्या बाजूला, इमारतीकडे तोंड करून लावावेत आणि तालीम शाळा सुटल्यावर, म्हणजे साडेचारनंतर घ्यावी, असा अर्ज आम्ही अकरा जणांनी दिला आहे. समितीतल्या दोघांचे म्हणणे पडले की साडेचारनंतर धारवाडकडच्या मुलींना बस गर्दीची मिळते. ते खरे आहे. मीही त्याच बसने जाते. त्यावर अजून तोड निघालेली नाही. प्राचार्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि विचारले, "इमारतीकडे म्हणजे माझ्या खोलीकडे का?" मी हो म्हटले. ते हसले, पण सही अजून झालेली नाही.

अर्जाची एक प्रत घरी होती. आजोबांनी ती चष्मा लावून वाचली, टीव्हीवर बातम्या चालू असताना, आणि दुसऱ्या परिच्छेदातली तारीख चुकल्याचे दाखवले.